सही-शिक्क्याचे 120 तास

नव्या शैक्षणिक धोरणामुळे राज्यात पदवीच्या मुलांच्या वाट्याला ‘ओजेटी’ आली. ऑन जॉब ट्रेनिंग. 4 क्रेडिट, म्हणजे 120 तास प्रत्यक्ष काम. अर्थशास्त्राच्या मुलांना याहून मोठी संधी नाही. तिचं काही कॉलेजांत काय होतं? ओळखीची पतसंस्था गाठायची, लेटरहेडवर प्रमाणपत्र, सही, शिक्का, फाइल जमा. ही मुलांची फसवणूक आहे आणि ती आपण मोठी माणसं करतो आहोत.

‘आमच्या गावात इंटर्नशिप कुठे मिळणार?’ ही सबब चालणार नाही. बहुतेक तालुक्यांत बाजार समिती आहे. तिथे पाठवा.

प्रश्न मी देतो. 2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाज्या आणि कांदा-बटाट्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. आता करभाराचा धडा उघडा. पैसे कोणाकडून वसूल होतात आणि शेवटी ते कोणाच्या खिशातून जातात, या वेगळ्या गोष्टी आहेत, असं तो सांगतो. मग खरेदीदाराने आडत भरली, पण तेवढीच बोली उतरवली का? लिलावाला उभं राहा. आवक लिहा, बोली लिहा, हमाली-तोलाई लिहा. शेतकऱ्यांकडच्या जुन्या-नव्या विक्रीच्या पट्ट्या मागून घ्या, ताडून बघा. मागणी-पुरवठ्याची लवचिकता फळ्यावर चार तासांत कळत नाही, ती इथे कळते.

ही वाट आपल्याच मातीतली आहे. पुण्यात 1930 मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. संस्थेने पुण्यातल्या कुटुंबांची पाहणी केली. ती 1945 आणि 1952 मध्ये दोन खंडांत छापली गेली. हेच गाडगीळ प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर उभे राहिले. अर्थतज्ज्ञ लोकांच्या उंबरठ्यापर्यंत जातो, हे महाराष्ट्राने तेव्हाच पाहिलं.

नोकरीचं काय, असं पालक विचारतात. बरोबर विचारतात. बँका, पतमानांकन संस्था, सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या यांना व्याख्या पाठ असलेला उमेदवार नको. विस्कटलेली आकडेवारी नीट लावून तिचा अर्थ सांगणारा हवा. पदव्युत्तर पदवीनंतर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा आहे. तिची तयारी पदवीपासूनच सुरू व्हायला हवी. केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय नमुना पाहण्यांची कुटुंबनिहाय आकडेवारी खुली करतं. ती हाताळायला ‘आर’ ही संगणक प्रणाली फुकट मिळते. पैसा आडवा येत नाही. आडवी येते ती आपली अनास्था.

म्हणून प्राचार्यांकडे मागणी एकच. दहा मुलं, एक शिक्षक, एक प्रश्न. मुलांच्या एसटी भाड्याची तरतूद कॉलेजने करावी. शेवटी अहवाल बाजार समितीच्या आवारात, शेतकरी, आडते आणि हमालांसमोर मुलांनी स्वतः वाचावा. आकडा चुकला तर तिथला माणूस जागेवर अडवेल. त्याला उत्तर द्यायला शिकलेली मुलगी मुलाखतीत कोणत्याही साहेबापुढे अडणार नाही. गुण त्याच दिवशी, त्याच आवारात द्या.