टँकवाले काका

टँकवाले काका मासे बघायला घरी बोलावतात आणि दाखवतात पाणी. दोन फुटी काचेच्या टाकीत गप्पी शेपट्या मिरवत फिरत असतात. आपण त्यांच्याकडे वळायच्या आत काका जाहीर करतात, "आज सात पॉइंट दोन!" यावर "वा!" म्हणून चहा घ्यावा. "म्हणजे काय?" असं विचारणारा जेवणाच्या वेळेपर्यंत सुटत नाही.

असे एक काका हल्ली प्रत्येक सोसायटीत निघतात. बँकेतून निवृत्त, सकाळी स्वतःचं बीपी वहीत लिहून झालं की दिवस मोकळा. नातवासाठी म्हणून क्रॉफर्ड मार्केटातून टाकी येते, नातू आठवड्यात कंटाळतो, आणि वहीत बीपीशेजारी नवा रकाना पडतो : पीएच.

सुरुवात पट्ट्यांनी झाली. पट्टी बुडवायची, झटकायची, डबीवरच्या रंगांशी ताडायची. काम झटपट, पण डबीचं झाकण नीट लागलं नाही की मुंबईच्या पावसाळ्यात पट्ट्या दमट होऊन काहीच्या काही सांगतात. त्यात रंगावरून मतभेद. काका म्हणाले पोपटी. काकू म्हणाल्या, "अहो, हा मेंदी कलर." साड्यांचा अनुभव काकूंचा, पण वही काकांची. नोंद पोपटीचीच झाली.

मग थेंबांचं किट आलं, आणि काकांना खरा सूर सापडला. ट्यूबमध्ये खुणेपर्यंत पाच मिली पाणी, त्यात मोजून थेंब. मोजताना काका श्वास रोखतात आणि फोन वाजला तर घरातल्या कुणालाही उचलू देत नाहीत. अशा किटात बहुधा ब्रोमोथायमॉल ब्लू असतं. 6 ला पिवळं, 7 च्या आसपास हिरवं, 7.6 ला निळं. त्याच्यावर पीएच कितीही गेला तरी निळंच. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, म्हणून काका ट्यूब आणि रंगांचं कार्ड घेऊन बाल्कनीत जातात. चष्मा लावून बघतात, काढून बघतात, मग खालून जाणाऱ्या सेक्रेटरींना हाक मारतात, "जरा वर येता का? तुमचं मोतीबिंदूचं झालंय ना!"

इथवर ठीक होतं. पण मुलानं वाढदिवसाला डिजिटल पेन पाठवलं. 7.23! दशांशापुढे दोन घरं बघून काकांना गहिवरून आलं. पेनाचं काचेचं टोक ठेवणीच्या द्रावणात ओलं ठेवावं लागतं आणि 4 आणि 7 च्या बफरमध्ये बुडवून ते अधूनमधून जुळवून घ्यावं लागतं, हे सांगणारा कागद काकांनी खोक्यासकट रद्दीत दिला आणि पेन खिशाला लावलं. महिन्याभरानं पेन म्हणालं, 6.1. किट हिरवंच दाखवत होतं. पण किटाला दशांश कुठे? काका खायच्या सोड्याचा डबा घेऊन धावले. सोड्यानं पीएच वर जातो हे खरं, पण एका अंकाचा फरक म्हणजे आम्लता दहापट इकडची तिकडे. थोडा चढा-उतरता आकडा मासे सोसतात, एका दुपारीतली उडी सोसवत नाही. काकूंनी डबा हिसकावला. "अहो, उद्या ढोकळा करायचाय!" गप्पी वाचले ते ढोकळ्यामुळे.

तेव्हापासून काका वाचन करतात. दिवसा उजेडात वनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, म्हणून संध्याकाळचा पीएच सकाळपेक्षा चढा असतो, हे कळल्यावर मोजणी दोनदा झाली. पीएचची कल्पना सोरेन्सन यांनी 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली, हेही कळलं. ती प्रयोगशाळा बिअरवाल्यांची होती हे समजल्यावर आजन्म निर्व्यसनी काका दोन दिवस गप्प होते.

माझं विचाराल तर घरच्या टाकीला थेंबांचं किट पुरे. बाटलीवरची तारीख बघून घ्या, रोज एकाच वेळेला मोजा, आकडा स्थिर असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि गप्पीच पाळायचे असतील तर तेवढंही नको. डासांच्या अळ्या खायला महापालिका हेच मासे डबक्यांत आणि गटारांत सोडते. तिथे पीएच कुणी मोजत नाही. फक्त हे काकांना सांगू नका.