आवक-जावक

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नाना यांचा माणसांवर विश्वास नाही, वहीवर आहे. दूधवाला, इस्त्रीवाला, सख्खा जावई, सगळ्यांना गेटवर सही करावी लागते. बॅचलर भाडेकरूंना तर त्यांनी सहीपर्यंतही पोहोचू दिलेलं नाही. त्यामुळे पोट बिघडल्यावर डॉक्टरांनी प्रोबायोटिक सुचवलं, तेव्हा नानांनी पथ्य विचारलं नाही. विचारलं, "आत किती जाणार, आणि बाहेर कधी पडणार?"

याकुल्टच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत ६५० कोटी जिवाणू. नानांनी नवी वही घातली. आवक : ६५० कोटी. जावक : कोरं. आठवड्यात आवक साडेचार हजार कोटींच्या वर गेली आणि नानांची झोप उडाली. हसू येतं खरं, पण प्रश्न रास्त आहे. बाटलीवर आवक ठळक छापतात. मुक्काम किती, याबद्दल अवाक्षर नसतं.

पहिला प्रयोग बिटाचा. वाटीभर बीट खाऊन नाना घड्याळ लावून बसले. दुसऱ्या दिवशी संडासातून आरोळी आली, "लिहा हो, सव्वीस तास!" नानींनी लिहिलं नाही. त्यांचे हात कणकेत होते.

मायक्रोबायॉलॉजी शिकणाऱ्या पुतणीनं हा प्रयोग निकालात काढला. "काका, ही बिटाची जावक झाली. जिवाणू मागे रेंगाळू शकतात." मग तिनं रीत सांगितली. रिफाम्पिसिनला दाद न देणारा वाण पाजायचा आणि नंतर शौचाचा नमुना त्याच औषधाच्या थाळीत वाढवायचा. इतर बहुतेक मरतात, आपले उगवतात. हल्ली पीसीआरनं थेट त्या वाणाचा डीएनएच शोधतात. "फक्त एक आहे, डीएनए मेलेल्याचाही सापडतो."

"म्हणजे हयातीचा दाखला हवा!" नाना हर्षभरित झाले. दर नोव्हेंबरला स्वतः बँकेत जाऊन जिवंत असल्याचं सिद्ध करणारा माणूस. एवढं त्यांना लगेच पटलं.

पण बाटली बंद केली की बहुतेक वाण आठवड्या-दोन आठवड्यांत दिसेनासे होतात, हे ऐकून ते खचले. "अकरा महिन्यांचा करारसुद्धा नाही?" बिफिडोबॅक्टेरियम लाँगमचा एक वाण मात्र २०१६ सालच्या अभ्यासात दहातल्या तिघांच्या पोटात सहा महिन्यांनीही सापडला होता. त्या तिघांत आपण असणार, हे नानांनी परस्पर ठरवून टाकलं. बाटली वेगळी, वाण वेगळा, हे पुतणीनं दोनदा सांगून पाहिलं.

शेवटी तिनं २०१८ सालचं इस्रायलच्या वाइझमन संस्थेचं काम काढलं. तिथं स्वयंसेवकांच्या आतड्यांत दुर्बीण घालून भिंतीवरचेच नमुने घेतले. काहींच्या आतड्यांत पाहुणे टिकले, काहींनी थाराच दिला नाही. आणि शौचात जे सापडले ते भिंतीवर वस्तीला असतीलच, असंही नव्हतं.

"म्हणजे गेटवर सही आहे, पण फ्लॅटला कुलूप!" नाना कळवळले.

"यांच्याकडे कोण टिकणार?" नानी आतून म्हणाल्या. "माझी भाची दोन दिवसांत पळाली."

सध्या नाना दुर्बिणीच्या तपासणीच्या मागे आहेत. पोट कधीच बरं झालंय. डॉक्टरांनी विचारलं, "मग कारण काय लिहू?"

नाना म्हणाले, "स्थळपाहणी."