निघाला!

आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी बँकेत ३५ वर्षं काढली, पण त्यांचा आवाज कसा आहे हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. बँकेत काचेआडून ते काय बोलत, ते लोकांना अंदाजानं कळे. घरी काकू बोलतात. सोसायटीच्या सभेत काकांनी हात वर केला, तर पंखा कमी करायला सांगताहेत असं समजून कुणीतरी पंखा कमी करतं. अशा माणसानं निवृत्त झाल्यावर निदान गाडीला तरी आवाज असावा असं ठरवलं, तर त्यात चुकलं काय?

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. अशाच एका रविवारी काका रिक्षातून सायलेन्सर घेऊन आले. तान्हं बाळ आणावं तसा, मांडीवर आडवा. सांगितले चार हजार, दिले अठराशे. मागचं तोंड तांब्याएवढं.

"कुठल्या गाडीचा?" मी विचारलं.

"होंडा सिटीचा असावा. पण पाइप तो पाइपच."

काकांची गाडी मारुती झेन. इंजिन ९९३ सीसीचं. त्याला दीड लिटरच्या गाडीचा पाइप म्हणजे मुंजीच्या बटूला आजोबांचा कोट. पाइप गरजेपेक्षा रुंद झाला की धुराचा वेग मंदावतो आणि कमी वेगात गाडीची ओढ जाते. काकांना हे माहीत होतं. पण त्यांना ओढ नको होती, आवाज हवा होता.

"गॅरेजवाल्याला पाचशे रुपये कशाला? घरच्या घरी करू," ते म्हणाले. या 'करू'मधला दुसरा माणूस मी, हे मला पार्किंगमध्ये कळलं. गाडी जॅकवर चढवली होती आणि काका खाली दोन विटा सरकवत होते. विटेचा भुगा व्हायला वेळ लागत नाही आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. शेवटी स्टँड भाड्यानं आणले. दिवसाला दोनशे.

जुने बोल्ट गंजून पाइपाशी एकजीव झाले होते. रात्रभर गंजाचा स्प्रे मारून ठेवला. सकाळी काका पाना लावून, पान्याला पाइप जोडून लोंबकळले. कट्! बोल्टचं डोकं माझ्या चपलेपाशी घरंगळत आलं, दांडा आतच राहिला.

गाडीखालून आवाज आला, "निघाला!"

मग ड्रिल आलं, पॅकिंग आलं, वेल्डिंगवाला येऊन गेला, कारण पाइप चार बोटं आखूड भरला. सायलेन्सर गाडीखाली रबराच्या कड्यांत टांगलेला असतो, म्हणून इंजिनाची थरथर थेट बैठकीला जाणवत नाही. काकांनी काकूंचा भांड्यांचा साबण रबराला चोळून तीन कड्या सर्रकन चढवल्या. चौथीसाठी नव्या पाइपाला हूकच नव्हता. तिथे तार गुंडाळली.

संध्याकाळी काकांनी चावी फिरवली. पार्किंगमधली कबुतरं उडाली, दोन स्कूटरचे अलार्म वाजू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भूकंप समजून पर्स घेऊन खाली आल्या. काकू खिडकीतून काहीतरी ओरडत होत्या. काकांनी कानाला हात लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "काय? ऐकू येत नाही!" हे वाक्य ३५ वर्षं लोकांनी त्यांना ऐकवलं होतं.

कायद्याचं काय, असं मी विचारलं होतं. असा आवाज करत फिरलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली १० हजारांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिस असले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात, त्याचे फोटो पेपरात येतात. पण ती वेळ आलीच नाही. तिसऱ्या दिवशी कात्रजच्या चढावर तार तुटली. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न मारून मारून गाडी थांबवली. काकांनी उतरून रस्त्यावर पडलेल्या सायलेन्सरकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "निघाला."

जुना सायलेन्सर गॅरेजमधल्या पोरानं पाऊण तासात बसवून दिला. पाचशे रुपयांत. तेव्हा सायलेन्सर विकणे आहे. तीनच दिवस वापरलेला, एक पोचा. किंमत बोलून ठरवू. फक्त काका बोलतील तेव्हा जरा जवळ उभे राहा.