निळीचा चमचा

पत्रिकेत छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले की मंडळी पेढे वाटतात. कारखान्याच्या पत्रिकेचं मात्र उलटं आहे, तिथे गुण जितके कमी तितकं स्थळ सोवळं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2016 साली शंभर गुणांचा पेपर काढला. हवा बिघडवण्याचे 40, पाणी नासवण्याचे 40, घातक कचऱ्याचे 20. तेव्हा साठ किंवा वर गेलात की लाल, 41 पासून नारिंगी, 21 पासून हिरवा आणि त्याखाली पांढरा. पांढऱ्याला संमतिपत्रासाठी खेटे घालायला नकोत, राज्य मंडळाला नुसतं कळवलं की झालं. सायकली जोडणारे, चहाचं मिश्रण करून पुडे बांधणारे या पंगतीत बसले. औष्णिक केंद्रातल्या राखेच्या विटा पाडणारेही बसले. राख आणि पांढरी! पण पंगतीत कोण कोणाचं पान बघतो?

गंमत अशी, की पेपर सोडवतो तो धंदा. तुमची चिमणी आज काय ओकते आहे, याला त्यात गुण नाहीत. शिवाय आमच्या घरासमोरून दिवसरात्र धावणाऱ्या ट्रकांना धूर असला तरी पाया नाही, त्यामुळे त्यांची नावं या हजेरीपटावरच नाहीत. त्यांचं पीयूसी निराळं, ते देणारी टपरी निराळी.

आमच्याकडे मोजायचं यंत्र एकच: गॅलरीतल्या दोरीवरचं माझं बनियन. सकाळी पांढऱ्या वर्गात असतं. संध्याकाळी काढावं तर दोरीचा वळ तेवढा पांढरा, बाकी सगळं मांजराच्या रंगाचं.

2025 साली मंडळाने निळा वर्ग आणला. कचऱ्याची विल्हेवाट वगैरे करणाऱ्या ‘अत्यावश्यक पर्यावरणीय सेवां’साठी. कचरा जाळून वीज काढणारे प्रकल्प गुणांनी चांगले नव्वदीच्या पुढे, म्हणजे अस्सल लाल. पण सेवा करतात ना, म्हणून निळे. वर संमतीची मुदतही दोन वर्षं जास्त. कचरा कुठेतरी जायलाच हवा, हे मलाही कळतं. पण धुराला आपण सेवेत आहोत हे कोणी सांगितलंय का, एवढंच विचारायचं होतं.

हे सगळं मी हिला वाचून दाखवत होतो. तिने बनियन उलटसुलट करून पाहिलं, बादलीत टाकलं आणि म्हणाली, “त्यात काय मोठंसं? मीही तेच करते. मळ निघत नाही म्हटल्यावर नीळ घालते.”