मी बघत नव्हतो बुवा!

डिस्क गोल्फच्या, म्हणजे तबकडी फेकून बास्केटात पाडायच्या खेळाच्या, स्पर्धेत अंपायर शोधू नका. अमेरिकेतल्या एखाद्या पार्कात, झाडाझुडपांतून अठरा बास्केटांचा फेरा; प्रत्येक गटामागे पंच कोण धाडणार? पीडीजीए ही या खेळाची संघटना १९७६ साली निघाली. तिची नियमावली चांगली जाडजूड आहे, पण ती राबवायची खेळाडूंनीच. एकाने चूक पुकारायची, गटातल्या दुसऱ्याने दुजोरा द्यायचा, की चुकणाऱ्याला ताकीद, नाहीतर त्याच्या नावावर दंडाचा एक थ्रो.

आमचे सद्‌गृहस्थ म्हणजे हा ‘दुसरा’.

बास्केटपासून दहा मीटरच्या आत असाल, तर डिस्क सोडल्यावर तोल सावरेपर्यंत मार्करपुढे, म्हणजे जिथून फेकायचं त्या खुणेपुढे, पाय टाकायचा नाही. कुणीतरी पट, म्हणजे जवळून बास्केटात टाकायचा थ्रो, मारतो, डिस्क बास्केटाच्या साखळ्यांत खळ्ळकन बसते आणि पठ्ठ्या त्याच झोकात मार्कर ओलांडून पुढे. “फॉल्ट!” एकजण ओरडतो. सगळ्यांच्या माना सद्‌गृहस्थांकडे वळतात. ते खाली वाकून बुटाची नाडी बांधताहेत. बांधलेलीच नाडी, पुन्हा. “सॉरी, मी बघत नव्हतो बुवा!” दुजोरा नाही, दंड नाही, आणि ओरडणारा मात्र उरलेल्या फेरीपुरता खलनायक. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत ठराव वाचून व्हायच्या आत ‘अनुमोदन!’ येतं. इथे तेवढ्यासाठी माणूस मिळत नाही.

थ्रोला तीस सेकंदांची मुभा असते. समोरचा वाऱ्याचा अंदाज घेत मिनिटभर उभा राहिला, तरी ह्यांना त्याच वेळी झाडावरची खार दिसते.

फेरी संपली, गाड्यांपाशी आले, की दृष्टी परत येते. “अहो, अंगठा चांगला चार बोटं पुढे होता! सातव्या बास्केटला तर अख्खा पाय!” न बघणाऱ्याला एवढं कसं दिसलं, हे विचारायचं नसतं.

माणूस लबाड नाही. पुढच्या रविवारी ह्याच मंडळींबरोबर खेळायचंय, त्यातल्याच एकाच्या गाडीतून यायचंय. वाईटपणा कोण घेणार? आणि नियम त्यांना येत नाहीत असंही नाही. स्वतःची डिस्क हद्दीच्या रेघेवर पडली, की गटातल्या बाकीच्यांना हाका मारून बोलावतात आणि घडाघडा म्हणून दाखवतात : गटाचं बहुमत होत नसेल, तर संशयाचा फायदा फेकणाऱ्याला.

तेव्हा, तुमचा पाय चुकत असेल तर ह्यांच्याच गटात खेळा. बरोबर पडत असेल, तर आयोजकांना गाठून आधी गट बदलून घ्या.