भांडा, पण ओट्यावर

‘राजकारण दाराबाहेर ठेवा, म्हणजे शेजार टिकतो,’ हा उपदेश आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. लग्नाच्या पंगतीत ऐकू येतो, गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नियमच असतो : इथे राजकीय पोस्ट टाकू नये. मला हा उपदेश मान्य नाही. राजकारण दाराबाहेर ठेवल्याने शेजारी नुसते गप्प होतात, आणि गप्प झालेला शेजार किती लवकर नासतो ते पाहायचे असेल तर पैठणला यावे.

जून 2022 पर्यंत इथे एक शिवसेना होती. 1995 पासून या तालुक्याने संदीपान भुमरे यांना पाच वेळा विधानसभेत पाठवले. मध्ये 2009 ला तेवढे घरी बसवले. मग ते मंत्रिपदावर असतानाच एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. त्यावर्षी जुलैत आदित्य ठाकरे पैठणला येऊन गेले, सप्टेंबरात मुख्यमंत्री म्हणून शिंदेंची सभा झाली. 2024 मध्ये भुमरे खासदार झाले आणि विधानसभेला त्यांचे चिरंजीव विलास भुमरे निवडून आले. हे सगळे वरच्या मजल्यावरचे.

खाली गल्लीत काय झाले? वर्षानुवर्षे एकाच जीपमधून प्रचाराला गेलेली, एकच भिंत सामाईक असलेली दोन घरे. आज एका गच्चीवर शिंदेंचा धनुष्यबाण, दुसरीवर ठाकरेंची मशाल. गंमत नाही, दुःख सांगतो : या दोघांपैकी एकाचेही मत बदललेले नाही. कापसाच्या भावाबद्दल दोघे तेच बोलतात, हिंदुत्वाबद्दल तेच बोलतात, नाशिक-नगरवाल्यांनी गंगेचे, म्हणजे आमच्या गोदावरीचे, पाणी वर अडवल्याबद्दल तर एकाच शब्दांत शिव्या देतात. बदलला तो गट. मत बदलले असते तर ‘का रे बाबा, का बदललंस?’ असे विचारता आले असते. त्यावर बोलणे झाले असते, जोरात झाले असते. गटाबद्दल काय विचारणार? तिथे कारण नसते, हजेरी असते. म्हणून दोघे बोलतच नाहीत. आणि लोक याला राजकीय मतभेद म्हणतात! यात मत कुठे आहे?

याच गल्लीत सप्टेंबर 2025 च्या अखेरीला काय चालले होते, ते सांगायला हवे. इथल्या जायकवाडी धरणाचे सत्तावीसच्या सत्तावीस दरवाजे उघडले होते आणि नदीत तीन लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडले जात होते. 2006 चा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या पोटात तो आकडा ऐकूनच गोळा आला. खालच्या अंगाच्या घरांमध्ये आवराआवर सुरू झाली. मशालवाल्यांचे घर बसके, एकमजली. धनुष्यबाणवाल्यांना वर स्लॅबची खोली. रात्री साडेदहाच्या सुमाराला मधला दरवाजा वाजला. हा दरवाजा तीन वर्षे कडी लावून होता, अलीकडे त्याला टेकून सायकल उभी असायची. सायकल बाजूला झाली. आधी आजी वर गेल्या, खुर्चीसकट, चौघांनी धरून. मग धान्याच्या कोठ्या, गॅसचे सिलिंडर, शिलाई मशीन, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले सातबारे आणि पोरीची दहावीची गुणपत्रिका. ‘मावशी, तुमच्या गोळ्यांचा डबा कुठंय?’ एवढेच एक वाक्य मला स्पष्ट ऐकू आले. बाकी नुसती धावपळ. दोन रात्री ती दोन कुटुंबे एका खोलीत झोपली. पिठलं-भाकरी एकाच चुलीवर झाली.

मग डिसेंबर आला. नगर परिषदेची निवडणूक कितीतरी वर्षांनी लागली होती. 21 डिसेंबरला मतमोजणी झाली, गुलाल उडाला, आणि जानेवारीत धनुष्यबाणवाल्यांच्या घरच्या हळदीकुंकवाचे बोलावणे शेजारच्या घराला गेले नाही. आजी ओट्यावर बसून बायका येता-जाताना पाहत होत्या. एकीने विचारले, ‘तुम्ही नाही आलात?’ आजींनी पदर सारखा केला आणि गुडघ्याचे दुखणे सांगितले.

यावर ठरलेली हळहळ अशी असते की बघा, संकटात माणुसकी जागी होते आणि निवडणुकीत मरते. मला हे पटत नाही. माणुसकी मेलेली नाही. उद्या पुन्हा पाणी सोडले तर तो दरवाजा पुन्हा उघडेल, याची मला खात्री आहे. अडचण अशी की पुराच्या रात्री काय करायचे हे आपल्याला माहीत आहे. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी काय बोलायचे, हे माहीत नाही. डोक्यावर कोठी घेऊन जिना चढणारा माणूस ‘तू चुकलास असं मला वाटतं, बस, चहा घे’ एवढे म्हणायला कचरतो. ही सवयच आपण घालवून बसलो आहोत.

आणि ती पैठणने घालवावी, हे मला फार लागते. कारण भांडायचे कसे, हे याच गावातल्या माणसाने लिहून ठेवले आहे.

एकनाथ महाराजांची गोष्ट निघाली की आपण लगेच तो यवन काढतो, जो गंगेवरून स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ पुन्हा पुन्हा स्नानाला गेले. शाळेच्या पुस्तकात, कीर्तनात, पुढाऱ्यांच्या भाषणात तीच. थोर गोष्ट आहे. पण ती एका माणसाच्या शांतीची गोष्ट आहे. शेजारासाठी ती पुरत नाही. शेजारात एकाने संत व्हायचे आणि दुसऱ्याने थुंकायचे, ही वाटणी चालत नाही. मला नाथांचे दुसरे काम जास्त जवळचे वाटते : त्यांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’. सोळाव्या शतकात, सुलतानाच्या राज्यात, याच गावात राहणाऱ्या माणसाने रचलेला. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, म्हणजे सुलतानाच्याच चाकरीतले. तेव्हा हा विषय नाथांना पोथीतून आलेला नव्हता, घरातला होता.

त्या संवादात दोघे एकमेकांना काही म्हणता काही सोडत नाहीत. तुर्क हिंदूच्या मूर्तींवर, पुराणातल्या देवांच्या वागण्यावर, सोवळ्याओवळ्यावर आणि एकमेकांच्या हातचे न खाण्यावर तुटून पडतो. हिंदू विचारतो की देव सगळीकडे आहे तर एकाच दिशेला तोंड का, आणि मुक्या जनावराला मारून पुण्य कसले? दोघेही चिडतात, दोघेही बोचरे बोलतात. ‘जाऊ दे, धर्माचा विषय नको’ असे दोघांपैकी एकही म्हणत नाही. सगळे बोलून झाल्यावर, सगळा राग निघाल्यावर, शेवटी ते एकमेकांना नमस्कार करतात आणि मिठी मारतात. आधी मिठी आणि मग बोलणे बंद, असे नाथांनी केलेले नाही. क्रम पाहा. आज कुणी ते गल्लीच्या ग्रुपवर टाकले तर ॲडमिन पाच मिनिटांत काढून टाकेल.

पैठणला दुसरीही परंपरा आहे, आणि ती जास्त जुनी आहे : वाळीत टाकण्याची. विठ्ठलपंतांच्या चार लेकरांना शुद्धिपत्रासाठी जिथे यावे लागले ते हेच गाव, असे आपण सांगत आलो. श्राद्धाचे अन्न महारांना वाढले म्हणून नाथांच्या पंक्तीला ब्रह्मवृंद आला नाही, ही कथाही इथलीच. बहिष्कार घालणारे परके नव्हते. शेजारीच होते. ओट्याला ओटा लागून होता.

या दोन परंपरांमध्येच मी शेजारधर्माची रेघ मारतो. भांडण चालेल, कितीही कडाक्याचे. बहिष्कार चालणार नाही, कितीही सौम्य. हळदीकुंकवाचे बोलावणे न पाठवणे हा सौम्य बहिष्कारच आहे. नाव तेवढे घेत नाही आपण.

त्याचे पुढे काय होते, हे फार लांब जाऊन पाहायला नको. नदीच्या काठाकाठाने खाली गेले की जालना जिल्ह्यातले अंतरवाली सराटी लागते आणि जवळच वडीगोद्री. एका ठिकाणी मराठा आरक्षणाचे उपोषण, दुसऱ्या ठिकाणी ओबीसींचे. 2024 च्या लोकसभेला बीडमध्ये बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा अवघ्या 6,553 मतांनी पराभव केला, आणि त्यानंतर त्या जिल्ह्यात अमक्या समाजाच्या दुकानात पाऊल टाकायचे नाही, अशी भाषा उघड सुरू झाली. कुणी चहाची टपरी बदलली, कुणी न्हावी बदलला.

इथे मला कुणी म्हणेल की ‘राजकारण सोडा हो, आपण सगळे भाऊ-भाऊ’, तर मी त्याला खोटारडा म्हणेन. आरक्षण ही झेंड्याची गोष्ट नाही. शेजाऱ्याच्या मुलाला मेडिकलची जागा मिळाली आणि माझ्या मुलीची दोन गुणांनी गेली, तर ते माझ्या घरात रडणे आहे. ज्याला आपला कोटा घटेल अशी भीती आहे, त्याची भीतीही खरीच आहे. हा मतभेद मोठा आहे, पोटाचा आहे, आणि तो शेजारात येणारच. म्हणून तर तो शेजाऱ्याशीच बोलायला हवा. टीव्हीवर ओरडणाऱ्या माणसाला तुमची मुलगी माहीत नाही. शेजाऱ्याला माहीत आहे. तिच्या पेपरच्या दिवशी त्यानेच तिला मोटारसायकलवर सेंटरला सोडले होते. त्याच्यासमोर बसून ‘तुमची मागणी मला अन्यायाची वाटते’ म्हणायला छाती लागते, आणि म्हटल्यावर त्याचे ऐकून घ्यायला त्याहून मोठी. पण दुकान बदलणे हे उत्तर नाही. सामाजिक बहिष्कार तर कायद्यालाही मान्य नाही : महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंडाची तरतूद असलेला. असा कायदा करणारे देशातले पहिले राज्य म्हणून आपण पाठ थोपटून घेतली. असा कायदा लागावा, याची लाज मात्र फारशी कुणाला वाटली नाही.

एक तक्रार नेहमी ऐकतो : नेते एकमेकांच्या लग्नात जेवतात आणि कार्यकर्ते इकडे डोकी फोडतात. नेत्यांच्या ढोंगीपणाचा पुरावा म्हणून ती सांगितली जाते. मला तर नेत्यांचे हे वागणे योग्य वाटते. बाळासाहेब ठाकरे आणि शरद पवार यांनी जाहीर सभांत एकमेकांची सालटी काढली आणि घरोबाही सोडला नाही. 2006 मध्ये सुप्रिया सुळे पहिल्यांदा राज्यसभेवर गेल्या, तेव्हा शिवसेनेने त्यांच्याविरुद्ध उमेदवार दिला नाही. यात फसवणूक कुठे आहे? जे त्यांना जमते ते आपल्याला का जमू नये, हा खरा प्रश्न. कार्यकर्त्याने नेत्याचा झेंडा उचलला, घोषणा उचलल्या, त्याचा राग उचलला. फक्त त्याचे जेवायला जाणे तेवढे उचलले नाही.

एका ठिकाणी मात्र मी शेजाऱ्याला सूट देणार नाही. ‘तुम्ही इथे राहूच नका’ असे ज्याचे राजकारण सांगते, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण त्याला वाद नको, तुमचे घर रिकामे हवे असते. जातीवरून, धर्मावरून, ताटात काय आहे त्यावरून खोली नाकारणारा घरमालक मत मांडत नसतो. तो पैठणच्या जुन्या धर्मपीठाचाच वारस आहे. त्याला चहा नाही. पोलीस ठाणे आहे.

बाकी सगळ्यांशी बोलायला विषय भरपूर आहेत. पुराचाच घ्या. दोन घरांचे सामान एका खोलीत गेले, त्याला तीन महिने होण्याच्या आत निवडणूक झाली, पण निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत घरे कुणाच्या आशीर्वादाने उभी राहिली, यावर दोन गटांत भांडण झालेले मी ऐकले नाही. धरणातून पाणी सोडण्याची सूचना खालच्या गल्ल्यांना किती तास आधी मिळते, कुणाकडून मिळते, भोंगा वाजतो की नुसता मेसेज फिरतो, यावरही नाही. या प्रश्नांवर मशालवाल्याचे आणि धनुष्यबाणवाल्याचे मत खरोखर वेगळे असू शकते. एक म्हणेल घरे हलवा, दुसरा म्हणेल भिंत बांधा. मग होऊ द्या ना कडाक्याचे. पुढच्या पावसाळ्याआधी त्या मधल्या दरवाजाची कडी काढा, दोन्ही घरच्यांनी आजींच्या ओट्यावर बसा, आणि दोन्ही बाजूंच्या नगरसेवकांना तिथेच बोलवून घ्या.