काळ्या-पांढऱ्यातले गुरुजी

'दगड' ही शिवी 34 वर्षं वर्गातल्या पोरांना देऊन आमचे चित्रकलेचे गुरुजी निवृत्त झाले, आणि प्रायश्चित्त घ्यावं तसे दगडांचे फोटो काढायला लागले.

पहाटे साडेपाचला दारात हॉर्न वाजला की समजायचं, ऊन तिरपं आहे तोवर बालाघाटाच्या कुठल्यातरी उतारावर पोचायचंय. मी मागे, ट्रायपॉड माझ्या मांडीवर. नऊनंतरचं ऊन गुरुजींच्या लेखी वाळवणाचं. ते डोक्यावर आलं की दगडाची सावली जाते, सावली गेली की पोत गेला. "सातला कण न् कण उभा असतो. दहाला सगळे आडवे. आठवी-बची आठवण येते."

दुसरी गोष्ट, फोटो काळा-पांढराच. रंगीत फोटो लग्नाचे काढतात. यावर कुणी तोंड उघडलं की 'आपले ॲडम्स' निघतात. 1927 साली ॲन्सेल ॲडम्सनं योसेमिटीतल्या हाफ डोमचा कडा टिपताना भिंगापुढं गडद लाल फिल्टर लावला आणि भर दिवसाचं निळं आकाश काळंभोर करून टाकलं. गुरुजी हे अशा आपुलकीनं सांगतात, की ॲडम्स परंड्याच्या शाळेतून बदली होऊन तिकडं गेले असावेत असं वाटतं.

काकूंना ॲडम्स पटलेले नाहीत. "दगड काळा, फोटोपण काळा. मग कोळशाचं पोतंच टांगा की भिंतीला!" काकूंचा राग जुना आहे. नातीच्या बारशात कुंची घातलेला वरवंटा पाळण्याखालून फिरवला, तेव्हा गुरुजींनी मध्येच तो मागून घेतला, कुंची उतरवली आणि खिडकीपाशी नेऊन त्याचे अकरा फोटो काढले. चटण्या वाटून वाटून आलेली चकाकी अप्रतिम होती म्हणे. नात एकाही फोटोत नाही.

तिसऱ्या नियमापायी मात्र आमच्या मैत्रीची परीक्षा झाली. फोटोत मापाला काही ठेवायचं नाही. भूगर्भशास्त्रवाले दगडाशेजारी हातोडा ठेवतात, नाणं ठेवतात; गुरुजींना तो दगडाचा अपमान वाटतो. माझ्या बुटाचं टोक कडेला आलं म्हणून येडशीच्या रामलिंगला त्यांनी मला तासभर वानरांच्या स्वाधीन केलं होतं. या नियमानं व्हायचं तेच होतं. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे पोकळ्या होऊन राहतात, पुढं त्यात पांढरे स्फटिक धरतात. अशा एका लिंबाएवढ्या पोकळीचा तीन फुटी प्रिंट बैठकीत आहे. सोलापूरचे पाहुणे त्याच्यापुढं हात जोडून उभे राहिले, "धाराशिव लेणी ना ही?" गुरुजी आठवडाभर खूश. पुढच्याच आठवड्यात शेजारच्या आजींनी रामलिंगच्या घळीतला अख्खा कडा न्याहाळला आणि विचारलं, "पाटा केवढ्याला घेतलाव?" तेव्हा ते जेवले नाहीत.

खरं तर आमच्या जिल्ह्यात दगड वाचता न येणारा माणूस विरळा; फक्त प्रत्येकाचं पुस्तक वेगळं. बोअरवाला फोटो पाहून किती फुटांवर पाणी लागेल ते सांगतो. गुत्तेदार खडी किती ब्रास निघेल ते सांगतो. गुरुजींचं पुस्तक मात्र कोऱ्या पानांचं आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला काही लिहू देत नाहीत.

तुळजापूरच्या घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथं त्यांचा लाडका 'कांदा' आहे. भेगांतून पाणी मुरत जातं, चौकोनी खडकाचे कोपरे तिन्ही बाजूंनी कुजतात म्हणून आधी झडतात, आणि राहतो तो पापुद्र्यापापुद्र्यानं सोलत जाणारा गोळा. बाहेरचं साल नखानं भुगा होईल इतकं मऊ, गाभा अजून घणाला दाद न देणारा. कोजागिरीच्या आधल्या सकाळी गुरुजी या कांद्यापुढं पालथे पडून एक डोळा मिटून होते. सोलापूरकडून अनवाणी चालत येणाऱ्या बायकांच्या जथ्थ्यानं ते पाहिलं. एकीनं त्यांच्या पायांना हात लावला, दुसरीनं कपाळाला कुंकू. गुरुजी हलले नाहीत. शटर एक सेकंदाचं होतं.

एका दगडाला मात्र ते कॅमेरा लावत नाहीत. लोहारा तालुक्यात सास्तूरकडं गेलो की कॅमेरा पिशवीतच राहतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात तिकडच्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. तिथला पोत फार चांगला आहे, असं मीच एकदा बोलून गेलो. गुरुजींनी नुसती गाडीला किक मारली.

घोटाळा झाला तो नळदुर्गच्या अलीकडं, एका नव्या विहिरीत. वरून काळा कातळ, खाली काळा कातळ, मध्ये दोन हात रुंद तांबडी पट्टी. साडेसहा कोटी वर्षांमागं एक लाव्हा निवला, वरून झिजला, त्याची माती झाली. मग पुढचा लाव्हा तिच्यावरून वाहिला आणि ती विटेसारखी भाजून निघाली. शेतकऱ्याला एवढंच माहीत, की तांबडं लागलं की भिंत ढासळते. गुरुजी दोराला धरून खाली उतरले, चाळीस फोटो काढून वर आले.

घरी संगणकावर पट्टीच नाही! रंग काढल्यावर तांबडं आणि काळपट एकाच करड्यात मिसळून गेलं. लाल उजळून पाहिलं, तर पट्टीला चुना फासल्यासारखं दिसलं. निळ्याच्या वाटेनं गेले, तर काजळी. चार रात्री खटपट झाली. शेतकरी प्रिंट बघायला आला, उलटसुलट करून म्हणाला, "गुरुजी, तांबडं कुठं गेलं?"

तेव्हापासून ॲडम्सचं नाव निघालेलं नाही.

परवा बसस्थानकासमोर चहा घेताना वेळ पाहायला त्यांनी मोबाइल काढला. पडद्यावर तीच विहीर. तांबडी पट्टी कुंकवासारखी लखलखीत, आणि खालच्या कोपऱ्यात, मापाला, शेतकऱ्याची चप्पल. मी पाहतोय हे कळताच त्यांनी मोबाइल पालथा घातला.

"लग्नातला आहे," गुरुजी म्हणाले.